मुकी काडतुसं

"फाट!" आवाज बर्फावरून घुमत गेला आणि नेमबाजी क्लबातली माणसं हसली.

"ओस्मो, तुझी मुकी काडतुसं बोलायला लागली की रे!" म्हातारा उर्पो म्हणाला.

ओस्मोने झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी खिशात टाकली. लाकूड-गिरणीत करवतींना धार लावण्यात त्याचा जन्म गेला होता. पण क्लबासाठी बंदुकीची दारू कमी घातलेली, गोळी आवाजापेक्षा सावकाश जाऊन कडाडत नाही अशी काडतुसं वीस वर्षं तोच घरी भरायचा. शेजारी हिल्का बसली होती, शाळेत स्वयंपाक करणारी. हे काम ती दोन वर्षांपूर्वी शिकली. तिच्या दहाही गोळ्या नुसत्या सुस्कारल्या, आणि वेग मोजणाऱ्या यंत्रावर आकडेही जवळपास सारखे.

"पुढच्या मोसमाची हिल्काच भरेल," उर्पो सहज बोलून गेला.

ओस्मो घरी आला तो धुमसतच. पुंगळ्या मांडून भरायला बसला.

"तिचं काहीतरी गुपित आहे," तो बायकोला म्हणाला.

"गुपित कसलं? मीठ तोलते तशी दारू तोलते," किल्लिक्की म्हणाली.

"म्हणजे मी आंधळेपणाने ओततो?"

"मी कुठं असं म्हटलं?"

तो तावातावाने बोलत राहिला. हात आपले चालूच होते.

पुढच्या रविवारी त्याने चाप ओढला. फुस! निशाणावर भोक नाही. कोणी हसायच्या आत त्याने घाईने पुढचं काडतूस आत सारलं.

"थांब! बोट काढ!" हिल्का ओरडली.

"मला शिकवू नकोस."

"शिव्या मग घाल. आधी काडतूस काढ, मागचा बोल्ट काढ, नळीतून बघ."

त्याने पाहिलं. पलीकडचा उजेड दिसेना. गोळी नळीतच अडकली होती. दुसरी झाडली असती तर बंदूक तोंडावर फुटली असती. या वेळी कोणीच हसलं नाही. ते त्याला जास्त लागलं.

घरी त्याने ते दुसरं काडतूस उघडून दारू तोलली. दुप्पट! पहिली पुंगळी कोरडीच राहिली होती, नुसत्या बुडाच्या टिकलीच्या ठिणगीने तिची गोळी नळीत ढकलली होती, आणि तिच्या वाटणीची दारू हिच्यात पडली होती. पुंगळी एवढी मोठी, की दुप्पट भरूनही अर्धी रिकामीच.

ती दारू कागदाच्या पुडीत घेऊन तो हिल्काकडे गेला.

"दुप्पट निघाली," तो म्हणाला.

हिल्काने पुडी उघडून पाहिली. "किल्लिक्कीला सांगितलंस?"

"नाही."

"सांग." तिने पुडी बाजूला ठेवली, रेडिओ बंद केला, दार लावलं. "भरताना बोलायचं नाही. एवढंच गुपित."

मग ती भरायला बसली. प्रत्येक वेळी दारू तोलत होती. सगळ्या पुंगळ्या भरल्यावर प्रत्येकीत बॅटरीचा उजेड टाकून तिने पाहिलं, मगच गोळी बसवायला घेतली. हात जराही हलत नव्हता. आताही, इथंही, ओस्मोला त्या हाताचा हेवा वाटला.

तिने तराजू त्याच्यापुढे सरकवला. त्याने दारू घातली. काटा केसभर पुढे गेला. तिने पाहिलं, बोलली नाही.

ओस्मोने दारू डब्यात परत ओतली आणि पुन्हा तोलायला घेतली.