कालिरोईचं निळं दार

आमच्या खाडीवर ईस्टरच्या आधी प्रत्येक होडीघराचं दार रंगतं, होडी ज्या रंगाची त्याच रंगात. ज्याचं रंगलं नाही, त्या घरात रंगवणारं कुणी उरलं नाही, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. झाफिरिसला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं!

पण गड्याला फोटोचं वेड. विधवा कालिरोईच्या दारावर निळ्या रंगाचे पापुद्रे सुटलेले, बिजागऱ्या गंजलेल्या, कडीखालची फळी तिच्या नवऱ्याच्या हातानं झिजलेली. ती रंगाचा डबा उघडून बसली, तेवढ्यात हा कॅमेरा घेऊन हजर.

"नुना, प्रदर्शनापर्यंत थांब ना. लोक फोटो बघून खरं दार बघायला येतील."

बाप्तिस्म्याला तिनंच त्याला हातांवर घेतलेलं, म्हणून ती त्याची नुना. "लोक काय म्हणतील रे मेल्या?" असं म्हणाली खरी, पण डब्याला झाकण लावलं.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी धक्क्यावर प्रदर्शन लागलं. कालिरोई ठेवणीतला काळा झगा घालून, शेजारच्या मारुसोला ओढत आली. भेटेल त्याला सांगत होती, "माझ्या दाराचा फोटो काढलाय पोरानं!"

फोटो माणसाएवढा. खाली पाटी.

"वाच गं, चष्मा घरी राहिला."

मारुसोनं वाचलं आणि झाफिरिसकडे पाहिलं. "राहू दे. अक्षर बारीक आहे."

"बारीक कुठलं? वाच."

"बेवारस," मारुसो म्हणाली.

शहरातल्या परीक्षकांना आवडावं म्हणून त्यानंच दिलेलं नाव. कालिरोईनं डोक्याचा रुमाल घट्ट बांधला. "छान आलाय हो," म्हणाली आणि निघून गेली. झाफिरिसला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाटी काढून त्यानं खिशात कोंबली, पण व्हायची ती शोभा झाली होती.

चार दिवस तो तिकडे फिरकला नाही. कोणत्या तोंडानं जाणार? शेवटी गुड फ्रायडेला गेला. त्या दिवशी आमच्याकडे कुणी साधा खिळा ठोकत नाही. आणि जन्मात एक उपास न मोडलेली ही बाई स्टुलावर चढून दार रंगवत होती! कोपरापर्यंत निळे ओघळ आले होते.

"नुना, आज? पाप लागेल!"

"लागू दे. उद्या रात्री ईस्टरच्या प्रार्थनेला अख्खा गाव चर्चला याच वाटेनं जाणार."

"चुकलो मी. ब्रश दे, वरचं मी करतो."

"नको. तू परत थांब म्हणशील," ती दाराकडेच बघत म्हणाली, "आणि मी मेली परत थांबेन."

झाफिरिस खाली बसला. स्टुलाचा डुगडुगणारा पाय दोन्ही हातांनी धरून राहिला. वर बघायची त्याची हिंमत झाली नाही.