पी, बी आणि एम

सरांनी चाळीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं आणि अडतीस वर्षं घरात. घरातली विद्यार्थिनी एकच, त्यांची बायको. तिला सगळी गल्ली काकू म्हणायची. ही विद्यार्थिनी काही पास झाली नाही. पाहुण्यांसमोर काकूंच्या तोंडून एखादा इंग्रजी शब्द गेला, की सर कप खाली ठेवून तो दुरुस्त करायचे, हसत हसत, आणि मग पाहुणेही हसायचे. पुढे पुढे काकूंनी इंग्रजीचं नावच टाकलं.

मग एका सकाळी दाढी करताना सरांच्या हातातून ब्रश गळून पडला आणि त्याच्यामागोमाग सर. तीन आठवड्यांनी दवाखान्यातून घरी आले ते उजवं अंग लुळं आणि वाचा गेलेली अशा अवस्थेत. मुलगा परगावी नोकरीला. तो चार दिवस राहिला, पलंगाला कठडा बसवून घेतला आणि परत गेला.

दर गुरुवारी एक स्पीच थेरपिस्ट घरी यायची. वयानं काकूंच्या सुनेएवढी, पण धीराची. दोन-तीन खेपांतच तिनं ताडलं, की सरांच्या तोंडून घरातला साधा शब्द निघत नाही, पण इंग्रजी आकडे म्हणून दाखवले की त्यांचे ओठ किंचित हलतात. तिनं काकूंना कामाला लावलं. पी, बी आणि एम ही तिन्ही अक्षरं असलेले इंग्रजी शब्द शोधायचे. ओठ मिटल्याशिवाय ही अक्षरं निघत नाहीत, आणि सरांचे ओठच सैल पडले होते. शब्द लांबलचक हवेत, म्हणजे तुकडे पाडून म्हणता येतील. अख्खी वाक्यं सापडली तर सोन्याहून पिवळं.

"मी शोधू?" काकू म्हणाल्या. "मला कुठं इंग्रजी येतं?"

"अक्षरं ओळखता ना? तेवढं पुरे."

काकूंनी पहिल्या आठवड्यात डोकं खाजवून तीन शब्द काढले: प्रॉब्लेम, सप्टेंबर, प्लंबर. त्यातला प्लंबर थेरपिस्टनं खोडला. त्यातला बी कागदावर असतो, तोंडात येत नाही, असं तिनं समजावलं. काकूंना मोठी गंमत वाटली. नवऱ्यानं इतक्या वर्षांत त्यांच्या शेकडो चुका काढल्या, पण चूक का झाली ते कधी सांगितलं नव्हतं.

मग त्यांनी सरांचा जाडजूड इंग्रजी-मराठी शब्दकोशच खाली काढला. स्वयंपाकघर आवरलं की टेबलाशी बसायचं, पानावरून बोट फिरवायचं, तिन्ही अक्षरं भेटली की शब्द वहीत उतरवायचा. दिवसाला दहा पानं. इम्परसेप्टिबल सापडला. इम्परसेप्टिबल सापडला. इन्कम्पॅटिबिलिटीपाशी त्या थबकल्या. पंधरा अक्षरं भरली, म्हणून खाली अर्थ वाचला: एकमेकांशी न जुळणं. तो त्यांनी दोनदा वाचला आणि पान उलटलं. बिस्किटाच्या पुड्यावरून त्यांनी 'बेस्ट बिफोर सिक्स मंथ्स फ्रॉम पॅकिंग' हे अख्खं वाक्य उचललं, तेव्हा थेरपिस्ट हसली आणि म्हणाली, काकू, तुम्ही तर मला मागं टाकलंत. त्या रात्रभर त्याच आनंदात होत्या. पलीकडे नवरा लोळागोळा होऊन पडलाय आणि आपण शब्दांत रमतोय, याची मग त्यांना लाज वाटायची. पण वही भरत चालली होती.

सर मात्र होते तिथंच. काकू समोर आरसा धरायच्या, बोटांनी त्यांचे ओठ मिटवायच्या, शब्दाचे तुकडे पाडून म्हणायच्या. सरांच्या तोंडून नुसती हवा निघायची. डोळे छताला.

बाराव्या आठवड्यात पीची पानं आली. नेहमीसारखा एक नवा शब्द काकूंनी वाचून दाखवला, "पे-रां-बु-लेटर."

सरांच्या कपाळाला आठी पडली. मान वळली.

"परॅम्ब्युलेटर," ते म्हणाले. स्वच्छ. जसे वर्गात म्हणायचे तसे.

काकूंच्या हातातून वही पडली. त्यांनी लगेच मुलाला फोन लावला, आणि मुलगा रजा टाकून दुसऱ्याच दिवशी दारात हजर झाला. सरांनी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "परॅम्ब्युलेटर." म्हणजे बाबागाडी. मुलगा बापाच्या गळ्यात पडून रडला. मग त्यानं विचारलं, बाबा, पाणी हवंय का? परॅम्ब्युलेटर. मला ओळखलंत ना? परॅम्ब्युलेटर. संध्याकाळपर्यंत दोघांच्याही लक्षात आलं, की परत आलेला शब्द हा एवढाच.

त्यानंतर काकूंनी मुद्दाम चुकीचं वाचायला सुरुवात केली. इम्पॉसिबलचं इंपोसिब्ली केलं, सप्टेंबरची वाट लावली. नवऱ्याला चीड यावी म्हणून जंग जंग पछाडलं. सरांना चीड यायची, आठीही पडायची, पण तोंडून बाहेर पडायचा तो एकच शब्द. भुकेला तोच, लघवीला तोच, दुखण्याला तोच. थेरपिस्टनं गुरुवारी हे पाहिलं आणि हातातलं पेन मिटलं. मग तिनं सांगितलं, की हा शब्द आता वाटेत अडून बसलाय, तो दुसऱ्या शब्दांना येऊ देणार नाही. याद्या बंद करा. पुढं तिचं येणंही बंद झालं. तिची चूक नव्हती. करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

काकू सुरावरून ओळखायला शिकल्या. ओढून म्हटलं की तहान, तुटक म्हटलं की कूस बदलायची. बहुतेक वेळा बरोबर यायचं. पण एका दुपारी सर तो शब्द म्हणू लागले तो सूर नवाच होता. हळू, अगदी हळू, डाव्या हातानं काकूंचं मनगट धरून. पाणी? नाही. उशी? नाही. खिडकी, पाय, मुलाला फोन? नाही, नाही. सर पुन्हा पुन्हा तोच शब्द म्हणत राहिले, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"अहो, मला कळत नाहीये हो," काकू म्हणाल्या. "काय सांगताय ते मला कळत नाहीये."

सरांनी मनगट सोडलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

पुढच्याच आठवड्यात दुसरा झटका आला आणि तो शब्दही गेला. त्यानंतर सर पाच महिने जगले. मुलगा रोज फोन करून विचारायचा, बाबा काही बोलले का? काकू नाही म्हणायच्या. त्या दुपारचं त्यांनी त्याला सांगितलं नाही. सांगणार काय? त्यांनी आपल्याला विचारलं होतं, आणि आपल्याला उत्तर आलं नाही, एवढंच.