तांदळात पुसलेली कौतिका

मी कौतिका बोलतेय. चेहरा शोधू नका. मी बाई नाही, बाईचं नाव आहे. नावाला हात-पाय नसतात, पण स्वभाव असतो आणि माझा जरा मिरवण्याचा आहे. अर्थच तसा, त्याला मी काय करू?

कौतुकावरून मी आले. कौतुक म्हणजे नवल, आणि नवल वाटून केलेले लाडही. संस्कृतात लग्नाच्या वेळी मनगटावर बांधायच्या दोऱ्यालाही कौतुक म्हणत. खेड्यापाड्यांत कुणी मला 'कवतिका' म्हणे, मला दोन्ही चालतं. कळवण-सटाण्याकडे आणि पुढे खानदेशात माझा चांगला दबदबा होता. पुरुषसुद्धा कौतिकराव व्हायचे. विहिरीवर कुणी मला हाक मारली की तीन-चार जणी एकदम वळून बघायच्या. पुढे सुनीता, मनीषा आल्या, मग पूजा, नेहा आल्या आणि मी लोकांना जुनाट वाटू लागले. आता तर मोबाइलवर शोधून नाव ठेवतात आणि अर्थ विचारला की पुन्हा मोबाइलच बघतात. असो. वय झालं की चिडचिड वाढते.

माझी गोष्ट मात्र एकाच कौतिकाची आहे. कळवणजवळच्या एका गावात तीन मुलांच्या पाठीवर मुलगी झाली. बापाला एवढं अप्रूप, की त्याने आत्याचीही वाट न बघता मला पाळण्यात ठेवलं. अठरा वर्षं आम्ही दोघी मजेत होतो. मग तिचं लग्न ठरलं, नाशिकजवळच्या मखमलाबादला. घर फुलशेतीवाल्यांचं. त्यांचा झेंडू, गुलाब रोज पंचवटीच्या बाजारात जायचा. लग्नात ताटात तांदूळ पसरले आणि नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहिलं, प्रतिभा. सगळ्यांनी पेढे खाल्ले. मला कुणी काही विचारलं नाही, आणि तिलाही नाही.

त्यानंतर सासरी येऊन मला हाक मारणारा एकच उरला, तिचा थोरला भाऊ मोतीराम. दर भाऊबीजेला तो दारातूनच विचारायचा, "कौतिका, बरी शे ना?" तिच्या चेहऱ्यावर हसू यायचं आणि मला वर्षभर पुरायचं. चार वर्षांपूर्वी मोतीराम गेला. बाकीच्यांसाठी ती आई, आजी, नाहीतर काकू. मी खरंच घाबरले. कुणी हाकच मारली नाही की नाव संपतं. आम्हाला दुसरं मरण नसतं.

यंदा घरात तिला पणती झाली. तिच्या अंघोळीसाठी माळ्यावरचं पितळी घंगाळ खाली काढलं. म्हातारीच्या लग्नात माहेराहून आलेलं ते घंगाळ. भांड्यावर नाव घालायची आपल्याकडे रीतच आहे, आणि बापाने लाडक्या लेकीचं माहेरचंच नाव घातलं होतं. नातसून वेदिकाने ती अक्षरं वाचली.

"आजी, ही कौतिका कोण?"

"होती एक. लय लाडाची होती," म्हातारी म्हणाली आणि पदराने घंगाळ पुसत बसली.

वेदिकाने पिच्छा सोडला नाही. तासाभरात सगळी हकीकत बाहेर आली. त्याच दिवशी वेदिकाने ठरवलं, मुलीचं नाव कौतिका.

बारशाला अंगण भरलं होतं. बाळाची आत्या सायली पाळण्यावर वाकली, तेवढ्यात छाया, म्हणजे म्हातारीची सून, पुढे आली.

"थांब गं. घरातल्या जिवंत माणसाचं नाव ठेवत नाही आपण. आईंच्या आयुष्याला लागायचं उगाच."

छायाचंही काही चुकलं नव्हतं. सासूवर तिचा जीव होता, म्हणूनच ती अडली. कुणीतरी 'किआरा' सुचवलं. सायली तशीच वाकलेली. माझा जीव टांगणीला लागला.

मग म्हातारी खुर्चीवरून उठली.

"कुणाचं नाव? माझं नाव प्रतिभा. आधारवर बघ, रेशनकार्डावर बघ. कौतिका नावाचं या घरात कुणी नाय."

"पण आई..."

"नाय म्हणते ना! सायली, ठेव पोरीचं नाव."

जिने मला सगळं आयुष्य मनात जपलं, तिनेच भरल्या अंगणात मला नाकारलं. मला फार वाईट वाटलं. आनंदही झाला, आणि त्या आनंदाची लाजही वाटली. सायलीने बाळाच्या कानात कुर्रर्र करून मला उच्चारलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, घुगऱ्या वाटल्या गेल्या. म्हातारीने मात्र घुगऱ्या हातातच धरून ठेवल्या होत्या.

आता मी जन्मदाखल्यावर आहे. पुढे शाळेत पोरं चिडवतील, लग्नात कदाचित पुन्हा तांदळाचं ताट येईल. तेव्हाचं तेव्हा. तुम्हाला एवढीच विनंती, की घरातल्या म्हाताऱ्या बाईला तिचं पहिलं नाव विचारा आणि त्या नावाने एकदा तरी हाक मारा.

परवा वेदिका स्वयंपाकघरातून पाळण्याकडे बघत लाडाने म्हणाली, "कौतिकाऽ!" बाळ झोपलेलं होतं. आतल्या खोलीतून म्हातारीचा "ओ" आला.