श्वास धरून ठेवा

बोटीनं धक्का सोडला आणि तिचा जीव धक्क्यावरच राहिला.

बोट छोटी, माणसं मोजकी. गळ्यात दुर्बीण अडकवलेले एक निवृत्त मास्तर, एकमेकांना चिकटून बसलेलं एक नवं जोडपं, ती आणि तिची नणंद. सुकाणूवर बोटवाले काका. देवमासा बघायला निघालेल्या त्या सगळ्यांचे डोळे पाण्यावर, हिचे फोनवर. किनारा दिसत होता तोवर रेंज होती. मग किनाराही गेला आणि तीही गेली.

घरी पाच महिन्यांचा गुंड्या होता आणि गुंड्याच्या बापाच्या हातात बाटली. बाटली नवी, निपल मऊ, दूध आईचंच, पहाटे काढून ठेवलेलं. पण गुंड्याला ते मान्य नव्हतं. जिभेनं निपल ढकलायचं, मान फिरवायची आणि आई दिसली की घर डोक्यावर घ्यायचं. सोमवारी तिला इस्पितळातल्या एक्स-रेच्या खोलीत पुन्हा रुजू व्हायचं होतं. हा प्यायला नाही, तर कसली नोकरी नि कसलं काय!

"तू समोर असल्यावर तो बाटली कशाला घेईल?" नणंद म्हणाली होती. "तुला अशा जागी न्यायला हवं, जिथून मध्येच उठून घरी पळता येणार नाही." आणि तिनंच ही सहल ठरवली.

"वहिनी, बस ना गं. तू उभी राहिलीस म्हणून वेळ लवकर सरणार आहे का?"

"बसल्यानं तरी कुठे सरतोय? अगं, दूध फार गरम करू नको म्हणून सांगायचं राहिलं."

"दादाकडे त्याचंच पोर दिलंय, शेजाऱ्यांचं नाही."

ती बसली. उठली. लाइफ जॅकेटचा पट्टा सैल केला, पुन्हा आवळला, पुन्हा सैल केला. दुधानं छाती दगडासारखी झाली होती.

"तो बघा!" मास्तर ओरडले.

पाण्यातून एक काळी पाठ वर आली, चकाकली, बुडाली आणि बोटीच्या आणखी जवळ वर आली. काकांनी झटकन इंजिन बंद केलं.

"आता तो जवळ आहे तोवर पंखा फिरवायचा नाही. पात्यानं पाठ फाटते त्याची."

"म्हणजे किती वेळ?" तिनं विचारलं.

"ते त्याला विचारा, ताई."

"पिल्लू आहे का हो बरोबर?" नव्या नवरीनं विचारलं.

"नाही. एकटाच आहे."

हुश्श! पिल्लू असतं, तर आपण इथंच भोकाड पसरलं असतं, ती मनात म्हणाली.

देवमाशाला कसलीच घाई नव्हती. बोटीच्या या अंगाला यायचा, त्या अंगाला जायचा, कुशीवर वळून एका डोळ्यानं सगळ्यांना बघायचा. सगळे त्याला राहा राहा म्हणत होते. ती एकटी म्हणत होती, जा की रे बाबा, तुला घरदार नाही का? घरी भुकेची वेळ झाली होती. ते घड्याळाआधी तिच्या अंगाला कळलं. पान्हा फुटला, कुडत्यावर दोन ओले डाग उमटले आणि पसरले. तिनं हातांची घट्ट घडी घातली.

मग तो खाली गेला.

"आता तरी निघू या," ती म्हणाली.

"कुठे आहे ते कळल्याशिवाय नाही. दम धरून खाली बसलाय."

बोट गप्प झाली. सगळे काठावर वाकले, आणि नकळत सगळ्यांनीच श्वास रोखले. मास्तरांचे तर गाल फुगले होते.

ही शांतता तिच्या ओळखीची होती. काचेपलीकडे छाती टेकून उभं असलेलं माणूस, काचेअलीकडे ती. श्वास घ्या. धरून ठेवा. तेवढ्या क्षणापुरतं ते माणूस तिच्या शब्दावर थांबायचं. गेले पाच महिने घरात तिचं कुणी ऐकत नव्हतं. आत्ता तर तिचं अंगही ऐकत नव्हतं. त्या खोलीची आठवण आली आणि काळजात कळ उठली. कामावर जावं लागणार, असं ती सगळ्यांना सांगत होती. खरं तर तिला जायचं होतं. आणि गुंड्यानं बाटली ढकलली की जो राग यायचा, त्याच्या तळाशी थोडं सुखही असायचं, हेही तिला ठाऊक होतं.

मास्तरांचे फुगलेले गाल बघून तिच्या तोंडून सवयीनं, त्या खोलीतल्या आवाजात निघून गेलं, "सोडा!"

आणि अगदी शेजारीच समुद्र फुटला. भस्सकन मोठा उसासा, सडक्या मासळीचा वास, वर उडालेलं पाणी, आणि बोटीतले सगळे नखशिखान्त चिंब. नवी नवरी किंचाळली. मास्तर टाळ्या पिटत म्हणाले, "ताई, पुन्हा म्हणा, पुन्हा म्हणा!" तिनं खाली बघितलं. दूध कुठलं नि समुद्र कुठला, आता कुणाला कळणार नव्हतं. तिच्या हातांची घडी सुटली आणि ती खो-खो हसत सुटली.

देवमासा दूर जाऊन वर आला, तेव्हा काकांनी इंजिन चालू केलं.

किनारा दिसायला लागला आणि फोन वाजला. 'प्यायला. थोडं सांडलं, बाकी सगळं संपवलं. आता झोपलाय. सावकाश ये.'

"बघ! म्हटलं नव्हतं?" नणंदेनं तिला मिठीच मारली. "सोमवारी खुशाल जा. आता तोंड का पाडलंस?"

"सावकाश ये म्हणतोय."

"मग?"

ओल्या बोटांनी तिनं लिहिलं, 'रडला का?'

उत्तर यायला वेळ लागला. 'थोडा.'

तेवढा एक शब्द तिनं पुन्हा पुन्हा वाचला. मग फोन कोरड्या पिशवीत ठेवला आणि उठून बोटीच्या टोकाशी जाऊन उभी राहिली. या वेळी तिला कुणी बस म्हणालं नाही.