तिसोनचं पोट

वाल्पराइसो शहरातल्या आमच्या टेकडीवर घरं पायऱ्यांना चिकटून उभी आहेत. त्या पायऱ्यांवर तिसोन नावाचा काळा कुत्रा राहायचा. मालक असा कुणीच नाही. थंडीत कुणीतरी अंगावर जुना स्वेटर चढवायचं, बेकरीवाली शिळा पाव टाकायची. सप्टेंबरात स्वातंत्र्याचा सण आला, दारोदारी निखाऱ्यांवर मांस भाजलं गेलं आणि तिसोनची चंगळ झाली.

सण सरला तसे त्याला जुलाब लागले. आधी पातळ, मग नुसतं पाणी, मग त्यात रक्त. उलट्याही सुरू झाल्या. पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा उरली नाही. वस्तीच्या मंडळाचे अध्यक्ष एरिबेर्तो घरोघर सांगत फिरले, की ही साथ आहे, पोरंबाळं इथंच खेळतात, तेव्हा कुत्र्याला गाडीत घालून शहराबाहेर सोडून यायचं. कुणी नाही म्हटलं नाही.

आडवी आली ती एदुविना. शाळेचे गणवेश शिवून पोट भरणारी, साठी उलटलेली, फटकळ बाई. तिनं तिसोनला गोधडीवर घालून आपल्या उंबऱ्यात ओढलं आणि पुढ्यात खुर्ची टाकून बसली. एरिबेर्तो दोरी आणि दोन माणसं घेऊन आले.

"बाजूला व्हा, एदुविनाबाई. सगळ्यांचं ठरलंय."

"मला कुणी विचारलं?"

"तुमचा कुत्रा आहे का तो?"

"कालपर्यंत नव्हता. आजपासून आहे. आता उचला बघू माझ्या दारातून."

दोरीवाले दोरी गुंडाळून निघाले, त्यांच्यामागून एरिबेर्तोही गेले. शेजारणीनं, नोल्फानं, आपल्या जुलाब थांबवायच्या गोळ्या आणून दिल्या. माणसाचं औषध याला कसं चालेल, असं म्हणत एदुविनानं त्या परत केल्या. भाजीवाल्याची हातगाडी मागून घेतली आणि कुत्र्याला घेऊन खाली गुरांच्या डॉक्टरणीकडे गेली.

डॉक्टर इस्मेनियानं त्याच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली. हिरड्या कोरड्या पडल्या होत्या. अंगातलं पाणी पार गेलंय, डॉक्टर म्हणाली. लस टोचलेली नसेल तर पार्वो हा जीवघेणा विषाणूही असू शकतो, आणि तसं निघालं तर त्याला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवण्याचा विचार करावा लागेल.

"आधी तपासा," एदुविना म्हणाली. "मरायची घाई त्याला नाहीये, तर आपण कशाला करायची?"

पार्वो नव्हता. विष्ठेत जिआर्डिया निघाला, घाणेरड्या पाण्यातून पोटात जाणारा सूक्ष्म जंतू. पण एवढ्या उलट्या आणि रक्त एकट्या त्याच्यामुळं नसावं, असं डॉक्टरला वाटलं. चरबी, कांदा असलं कुत्र्यांना बाधतं; खाण्यात काय काय आलं, असं तिनं विचारलं. तिसोनला सलाईन लावून ठेवलं आणि एदुविना वर येऊन एकेक दार ठोठावू लागली. कुणी सॉसेज दिलेलं, कुणी हाडं, कुणी कांद्याची कोशिंबीर. पाणी तो पन्हाळीखालच्या हिरव्या पडलेल्या पिंपातलं प्यायचा. शेवटचं दार एरिबेर्तोंचं. त्यांनी बरगड्यांवरची चरबी ताटभर घातली होती.

"शेपूट हलवत होता, म्हणून दिली," ते पुटपुटले.

"खाऊ घालताना तो सगळ्यांचा, आणि हगताना कुणाचाच नाही?" एदुविना पायऱ्यांवर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "पोरांच्या काळजीचं तुमचं खरं आहे. हा जंतू क्वचित माणसांनाही लागतो म्हणे. मग घ्या खराटा."

ते आले नाहीत. नोल्फा आली, बेकरीवाली आली, दोरी धरणाऱ्यांपैकी एकजणही आला. हातमोजे घालून घाण उचलली, आधी उकळतं पाणी ओतून, मग क्लोरीनचं पाणी टाकून पायऱ्या घासल्या, पिंप उलटं केलं.

तिसोन हातगाडीतूनच परतला, हाडांचा सापळा होऊन. जंतूचं औषध चालू होतं. खाणं म्हणजे उकडलेला भात आणि कातडी काढलेली कोंबडी, थोडी थोडी, तीही फक्त एदुविनाच्या हातून. दुसऱ्या कुणी काही टाकलं तर ती खिडकीतून शिव्या द्यायची. हळूहळू त्याची विष्ठा घट्ट झाली. ही बातमी तिनं खिडकीतूनच सगळ्या पायऱ्यांना दिली.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत एरिबेर्तोंनी मोकाट कुत्रे हलवण्याचा ठराव पुन्हा मांडला. एदुविना तिसोनला घेऊन पहिल्या रांगेत जाऊन बसली. त्याच्या गळ्यात तिनं गणवेशाच्या निळ्या कापडाचा पट्टा शिवून घातला होता. हात वर करायची वेळ आली तेव्हा एरिबेर्तोंचा एकट्याचाच वर गेला. ते अजून तिच्याशी बोलत नाहीत. तिचं त्यावाचून काही अडत नाही.