वाऱ्याची नळी

विमान डावीकडं ओढत होतं, आणि चन्नवीरला त्याखेरीज जगात दुसरं काही दिसेनासं झालं होतं. जेवायला बसला की भाकरी मोडायच्या आधी तो तळहात ताटावर आडवा धरायचा, किंचित कलता करायचा आणि त्याच्याकडं बघत राहायचा. मेव्हणीच्या मुलीच्या लग्नात भर पंगतीत त्याने हेच केलं. वाढप्याला वाटलं, पाव्हण्यांचं पोट भरलं, आणि तो भाताचं पातेलं घेऊन पुढं गेला. त्याच्या बायकोने, सुकन्याने, बायकांच्या पंगतीतून ते बघितलं आणि कपाळाला हात लावला.

सोलापुरात चन्नवीरचा यंत्रमागाचे सुटे भाग बनवायचा छोटा कारखाना होता. पन्नाशीला लोक गुडघ्याला लावायचं तेल शोधतात, याने विमान जुळवायला घेतलं. पाइपांचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं कापड, बाहेरून मागवलेलं इंजिन आणि एकाच माणसापुरती सीट. उडवायचा परवानाही त्याने रीतसर घेतला, त्यासाठी घरापासून लांब राहून शिकून आला. धावपट्टी मात्र सासुरवाडीची होती. दुधनीच्या अलीकडं सुकन्याच्या भावाची, गुरप्पाची, एक लांबट पड जमीन होती. ती दगड वेचून, रोलर फिरवून सपाट केली होती. माहेरच्या जमिनीवरून नवरा आभाळात जायला लागला की बाईला कौतुक करण्यावाचून गत्यंतर नसतं. सुकन्याही करत होती.

विमान उडालं, यात नवल संपलं असं तिला वाटलं होतं. खरं काम तिथून पुढं सुरू झालं. विमान वळवायची दांडी हातातून सोडली की डावा पंख खाली जायचा. चन्नवीर खाली उतरायचा, पंखाच्या मागच्या कडेला लावलेली पत्र्याची पट्टी चिमटीने जराशी वाकवायचा, पुन्हा वर जायचा. कधी जास्त वाकायची, कधी कमी. कधी पट्टी बरोबर असायची तर इंजिन तापायचं. एक दुखणं बरं होईतो दुसरं वर यायचं. रात्री मध्येच उठून तो गच्चीवर येरझाऱ्या घालायचा आणि सुकन्या खाली पडल्या पडल्या त्या पावलांचा आवाज ऐकायची. कानाला उशी लावली तरी तो आवाज येतच राहायचा.

उड्डाणाच्या वेळी तिच्याकडं दोनच कामं असत. पहिलं काम नळीच्या टोपीचं. डाव्या पंखाखाली पेन्सिलीएवढी पांढरी नळी पुढं आलेली होती. समोरचा वारा तिच्यात शिरतो आणि त्यावर वेगाचा काटा चालतो, एवढं त्याने तिला समजावलं होतं. गांधीलमाशीने आत घर करू नये म्हणून तिच्यावर लाल कापडाची टोपी असायची. चन्नवीर ती काढून सुकन्याच्या हातात द्यायचा आणि तिने ती सांभाळायची. दुसरं काम वॉकीटॉकीचं. त्याचं बोलणं ऐकायचं, पण आपण बटण दाबायचं नाही.

"मी वर असताना मधे कुणी बोललं की माझं लक्ष उडतंय. आणि वेग उतरला की इमान तरंगत न्हाय, पडतंय. समजलं का?"

समजलं होतं. ते एक वाक्य तिच्या डोक्यातून जायला तयारच नव्हतं.

मागच्या खेपेला उतरताना डावा पंख असा खाली आला की टोक जमिनीला घासायचं थोडक्यात वाचलं. चन्नवीर हसत बाहेर आला. "दोन बोटं राहिली होती," म्हणाला, आणि लगेच पान्हा शोधायला लागला. सुकन्याला हसू आलं नाही. घरी आल्यावर तिने पहिल्यांदाच विषय काढला.

"पूजा न्हाय, काय न्हाय. नवी सायकल घेतली तरी आपण नारळ फोडतो की हो."

"नारळ फोडून पंख सरळ व्हत न्हाय, सुकन्या."

"वाकडा तरी व्हत न्हाय."

"यंत्राला कायबाय फासलेलं मला चालायचं न्हाय. माझी तपासणी हीच पूजा."

पण पुढच्या वेळी निघताना तिने देव्हाऱ्यातली विभूतीची वडी रुमालात बांधून पिशवीत टाकली.

त्या दिवशी ते उजाडताच शेतावर पोचले. वारा पडलेला होता. आदल्या दिवशी चन्नवीरने इंजिनाच्या पंख्याची पाती थोडी फिरवून बसवली होती. त्याने वेग वाढेल, असं त्याचं गणित होतं, आणि त्या आशेने तो नुसता फुरफुरत होता. विमानाभोवती फिरून त्याने एकेक बोल्ट हाताने चाचपला, नळीची टोपी काढून सुकन्याला दिली, आणि धावपट्टीवर दगड-धोंडा आलाय का ते बघायला गुरप्पाबरोबर दुसऱ्या टोकाला चालत गेला.

सुकन्या एकटी राहिली. तिने तांब्यातल्या पाण्यात वडी ओली केली, डोक्यावर पदर घेतला आणि विमानाच्या नाकाखाली तीन बोटं ओढली. मग चाकांवर. मग दोन्ही पंखांवर, खालच्या बाजूने, त्याला सहज दिसू नये म्हणून. डावा पंख हा सगळ्या दुखण्याचं मूळ, म्हणून त्याला तिने जरा जास्तच लावली. शेवटी ती पुढं आलेली नळी. तिच्या टोकाला तिने अंगठ्याने विभूती लावली, बाळाच्या कपाळाला लावतात तशी, दाबून. पांढऱ्या नळीवर पांढरी विभूती दिसलीसुद्धा नाही. गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदा तिला बरं वाटलं. आता याची जबाबदारी आपल्या एकटीवर नाही, असं वाटलं.

चन्नवीर परत आला तो घाईतच. सीटवर बसला, पट्टा आवळला, इंजिन सुरू केलं. विमान धूळ उडवत पळालं आणि धावपट्टीच्या कडेच्या लिंबाच्या झाडाआधीच वर उचललं गेलं.

"काटा हललाच न्हाय पळताना," वॉकीटॉकीत त्याचा आवाज आला. "माझं ध्यान धावपट्टीवर, बघितलं तवर चाकं सुटली होती. हां, आता हलला. अडकला असंल."

विमान वर चढत गेलं. सुकन्या मान वर करून बघत होती.

"नव्वद," तो म्हणाला. "शंभर. अगं, एकशे वीस."

जसजसं विमान वर जात होतं तसतसा आकडा वाढत होता, आणि आकड्याबरोबर चन्नवीरचा आवाजही चढत होता. "एकशे चाळीस! पाती फिरवल्याचं सार्थक झालं बघ. आजवर शंभराच्या वर कधी गेलं न्हवतं. लई पळायलंय, थांब, इंजिन जरा कमी करतो न् नाक वर घेतो."

सुकन्याला आभाळात वेगळंच दिसत होतं. विमान नेहमीच्याच चालीने चाललं होतं. उलट, आज जरा रेंगाळतंय असं तिला वाटत होतं. काटा म्हणतोय पळतंय, आणि डोळ्यांना ते दिसत नाही, हे कसं? काटा कशावर चालतो? वाऱ्यावर. वारा शिरतो कुठून?

हातातली लाल टोपी तिने उलटी करून बघितली, जणू चूक तिच्यात असणार. मग तिची नजर अंगठ्यावर वाळलेल्या विभूतीवर गेली.

वर इंजिनाचा आवाज उतरला. तिला नवऱ्याचा राग डोळ्यांसमोर दिसला. यंत्राला कायबाय फासू नकोस म्हटलं होतं ना. बटण दाबायचं नाही म्हटलं होतं ना. कदाचित आपल्यालाच काही कळत नसेल, कदाचित खरंच वेग वाढला असेल, गप्प राहिलं तर कुणाला कधी कळणारही नाही. हे सगळं तिच्या मनात आलं, आणि ते येत असतानाच विमानाचं नाक वर उचललं गेलं.

तिने बटण दाबलं.

"री," घाईत अहोच्या जागी माहेरची कानडी हाक आली. "री, काटा खोटा हाय. नळीत इबूती हाय. मी लावलीय."

उत्तर आलं नाही. बटण दाबून धरल्यावर समोरच्याचं ऐकू येत नाही हे तिला कुठं माहीत होतं. ती दाबूनच बोलत राहिली. "काट्याकडं बघू नका. तुमी लई हळू हाय. नळी बुजलीय, मी बुजवलीय. इंजिन वाढवा की हो."

डावा पंख हळूच खाली कलला. गुरप्पा बांधावरून पळत तिच्याकडं यायला लागला होता. तेवढ्यात इंजिन एकदम ओरडलं, नाक खाली झुकलं, विमान काही क्षण सरळ जमिनीकडं निघाल्यासारखं वाटलं, आणि मग पंख सारखे झाले. सुकन्याने तेव्हा कुठं बटण सोडलं.

उतरताना काट्याचा भरवसा नव्हता म्हणून चन्नवीरने वेग जास्तच ठेवला. चाकं टेकली, उसळली, पुन्हा टेकली. धावपट्टी संपली तरी विमान थांबेना. ते गुरप्पाच्या नांगरटीत घुसलं, पुढचं चाक वाकलं, आणि पंख्याचं एक पातं ढेकळात मोडलं.

चन्नवीर आपल्या पायांनी बाहेर आला. आधी डाव्या पंखाखाली वाकला. नळीच्या तोंडावरचा पांढरा थर एव्हाना वाळला होता. त्याने तो नखाने खरवडला. सुकन्या धापा टाकत पोचली आणि चार पावलांवर उभी राहिली. बोलणी खायची तिची तयारी होती.

"हवा नळीत कोंडली, न् वर बाहेरची हवा विरळ व्हत गेली तसा काटा आपला चढत गेला. न् मी इंजिन कमी केलं होतं," तो म्हणाला. "दांडी हातात सैल लागायली होती. मला वाटलं, पंखाची पट्टी बरोबर बसली म्हणून सैल लागतीय." "का लावलीस?"

"तुमी वर गेल्यावर खाली मला करण्यासारखं काय असतंय?" ती म्हणाली. "टोपी धरून उभं राहायचं. बोलायचं न्हाय. माझा जीव नुसता वरखाली व्हतोय, तो कुटं ठेवू मी?"

चन्नवीर वाकलेल्या चाकाशेजारी ढेकळावर बसला, आणि तीही त्याच्या शेजारी बसली. गुरप्पाने पाण्याचा तांब्या आणून दिला.

पुढचा काळ दुरुस्तीत गेला. नवीन पातं आलं, चाक आलं, आणि चन्नवीर पुन्हा पहिल्यासारखा झाला. जेवताना हात आडवा धरायचा, रात्री गच्चीवर फिरायचा. एक गोष्ट मात्र त्याने केली. सुकन्याला शेडमध्ये नेऊन विमान नाकापासून शेपटीपर्यंत दाखवलं. कुठं भोक उघडं हवं, कुठं तार ताणलेली हवी, कुठला खिळा गेला तर काय होतं. तिच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं. शेवटी म्हणाला, "आता माझ्यामागनं तू फिरायचं. तुला बरोबर वाटलं न्हाय तर मी इंजिन सुरू करणार न्हाय. तुझा शब्द शेवटचा."

"रागानं म्हणायलाय का?"

"भ्यालोय म्हणून म्हणायलोय," तो म्हणाला. इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून हे ती पहिल्यांदा ऐकत होती.

दुरुस्तीनंतरच्या पहिल्या उड्डाणाला सकाळ अशी मिळाली की मागूनही मिळू नये. वारा नाही, ढग नाही, लांबवरची झाडंसुद्धा स्वच्छ दिसत होती. चन्नवीर सीटवर बसून पट्टा आवळत होता. सुकन्या नाकापासून निघाली. बोल्ट, तारा, चाकं, पंख, नळी. नळीत तिने डोळा लावून बघितलं. शेपटीला वळसा घालून ती त्याच्याजवळ येऊन उभी राहिली.

"झालं?" त्याचा हात इंजिनाच्या बटणावर होता.

"आज न्हाय," ती म्हणाली.

"काय सापडलं?"

"इमानात काय न्हाय. इमान चांगलं हाय."

"मग?"

"रातभर तुमी डोळ्याला डोळा लावला न्हाय. मी बी जागीच होते."

चन्नवीरने आभाळाकडं बघितलं, समोरच्या रिकाम्या धावपट्टीकडं बघितलं. मग त्याने पट्टा सोडला, आणि उतरायला तिचा हात मागितला.