चौथा तिखटपणा

तापातून उठल्यावर सूचिनला कशाचाच वास येईना. महिनाभर तिने कोणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही.

चीनमधल्या चोंगचिंग शहरात, नदीच्या धक्क्याजवळच्या पायऱ्यांवर तिचं शेवयांचं दुकान होतं, सव्वीस वर्षांचं. मिरचीचं तेल ती स्वतः कढवायची, केव्हा उतरवायचं ते नाकाने ठरवायची. एके सकाळी रोजच्या एका हमालाने पहिला घास घेतला आणि जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. "ताई, तेल पार जळलंय. कळलं नाही तुला?"

तिने वाडगा उचलला, दुकानाचं फळकूट लावलं आणि घरी आली. त्यानंतर ती हळूहळू जेवेनाशीच झाली. "तोंडात ओला कापूस कोंबल्यासारखं होतं," एवढंच म्हणायची. वसंत सरेपर्यंत तिचं वजन अडतीस किलोवर आलं. डॉक्टर म्हणाले, नस दुखावली आहे, वास येईल किंवा येणार नाही, पण खाल्लं पाहिजे.

लेई तेफू, तिचा नवरा, निवृत्त बसचालक. बोलणं कमी. एके दुपारी त्याने कोपऱ्यावरून लालभडक शेवया आणल्या. सूचिनने नाइलाजाने एक घास घेतला आणि एकदम ताठ बसली.

"काय झालं?"

"चटका बसला," ती म्हणाली. त्या दिवशी तिने सहा घास खाल्ले.

लेईला तेवढं पुरलं. वास नसला तरी तिखट तिला कळतंय, मग आणखी तिखट आणलं की आणखी खाईल, असा त्याने हिशोब केला. सगळं शहर त्याला बसच्या मार्गांवरून पाठ होतं. दुसऱ्या दिवसापासून तो डबा घेऊन निघायला लागला. डोंगरावरच्या खानावळीतून मिरच्यांच्या ढिगाऱ्यात बुडालेलं कोंबडं आणलं. नदीपलीकडून सशाची मुंडकी आणली. बाजारामागून रक्ताच्या वड्यांचा रस्सा आणला. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न: "यापेक्षा तिखट कुठे मिळतं?" लोक हसून पत्ता द्यायचे, तो तिथे जायचा. ऊन चाळीसच्या वर होतं. गुडघे सुजले होते.

पण कुठलाही पदार्थ दोन दिवसांपेक्षा जास्त चालेना. तिसऱ्या दिवशी सूचिन काड्या खाली ठेवायची. "यातही काही नाही, म्हाताऱ्या."

शेवटी कोणीतरी बॉम्बहल्ल्यात लपण्यासाठी खोदलेल्या जुन्या बोगद्यातलं एक हॉटेल सांगितलं. मालकीण जाडजूड, पन्नाशीची, वान नावाची.

"कमी, मध्यम, तिखट," ती म्हणाली. "चौथा प्रकार आम्ही पाटीवर लिहीत नाही."

"चौथा द्या. वजडीच्या फोडी."

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

"मग इथे बसून एक तुकडा खा. मग बांधून देते."

लेईने तुकडा तोंडात टाकला. कान बधिर झाले, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, ठसका थांबेना. वानने पाणी दिलं नाही, सोयाबीनचं दूध दिलं. "आजोबा, बायकोशी भांडण असेल तर तिला सोडून द्या, पण हे खायला घालू नका."

"द्या बांधून," लेई म्हणाला.

सूचिनने ते सगळं खाल्लं. नाक वाहत होतं, ओठ सुजले होते, पण डबा रिकामा झाला. लेई स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडून उभा राहिला. कित्येक महिन्यांत त्याला इतकं बरं वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा तेच आणलं. तिसऱ्याही दिवशी. चौथ्या दिवशी सकाळी सूचिनला रक्ताची उलटी झाली.

पोटात आधीच व्रण होता. रिकाम्या पोटाने तो वाढवला होता आणि लेईच्या डब्याने फोडला. दवाखान्यात रक्त थांबलं, जीव वाचला. तिला शुद्धीवर बघून लेई खाटेच्या कडेला बसला.

"आग होत होती, तर का खाल्लंस?"

"तू तीनशे पायऱ्या चढून यायचास. तुझ्या तोंडाकडे बघून खाल्लं." ती थांबली. "मला काय, तोंड पेटलंय की नाही, एवढंच कळत होतं. चव नव्हतीच कधी."

"पहिल्याच दिवशी सांगायचं नाही?"

"किती खूश होतास तू."

लेईने तोंड हातांत झाकलं. पलीकडच्या खाटेवरच्या बाईने मान वळवली. "आता मी कुठे जाऊ?" तो म्हणाला. "सगळं शहर फिरून झालं, सूचिन. कुठलंच दुकान उरलं नाही."



दोन दिवसांनी दवाखान्यातली पेज द्यायला परवानगी मिळाली. सूचिनने तोंड मिटून घेतलं. लेई चमचा धरून बसला, हात भरून आला, तेव्हा त्याने तो चमचा स्वतःच्याच तोंडात घातला.

"कशी आहे?" तिने विचारलं.

"बरी आहे."

"छत्तीस वर्षं माझ्या हातचं खाल्लंस आणि तुला एवढंच सांगता येतं?"

लेई गोंधळला. आणखी एक चमचा घेतला. "तांदूळ जुना आहे. आलं घातलंय. नंतर तुकडा काढून टाकलाय."

"सोललेलं की सालीसकट?"

त्याला पुन्हा चाखावं लागलं. "सालीसकट. मागाहून जरा कडवट लागतंय."

"आळशी मेले," सूचिन म्हणाली. तिने डोळे मिटले आणि तोंड उघडलं. सात चमचे गेले.

वास काही परत आला नाही. दुकानही दुसऱ्या कोणीतरी घेतलं. थंडीपर्यंत तिचं वजन एक्केचाळीस झालं. जेवताना लेई आधी घास घेतो आणि चव सांगतो, पण त्याला नीट सांगता येत नाही. नुसतं "आंबट" म्हणाला की ती काड्या खाली ठेवते: "कसं आंबट? व्हिनेगरसारखं की लोणच्यासारखं?" मग त्याला पुन्हा खावं लागतं.

काही दिवस मात्र ती काहीच विचारत नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहते. अशा दिवशी लेई वाडगा झाकून ठेवतो, तासाभराने गरम करतो, पुन्हा झाकून ठेवतो.